शाळेचा धनी कोण?

गावच्या प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून माझी निवड झाली, तेव्हा मनातून थोडा अभिमानच वाटला होता. पहिल्या सभेला इस्त्रीचा सदरा घालून गेलो. सभा पाऊण तासात आटोपली. चहा झाला, बिस्किटांचा पुडा फिरला आणि मागोमाग ठरावाची वही फिरली. पैसे किती आले, ते कशावर खर्च करायचे, काम कोणाकडून करून घ्यायचे, सारे आधीच लिहून तयार होते. आम्ही फक्त सह्या करायच्या होत्या. शेजारच्या बाईंनी केली, मीही केली. काय लिहिले आहे, हे दोघांनीही वाचले नाही.

बाहेर आलो तर शाळेच्या कट्ट्यावर गावातले एक जुने शेतकरी बसले होते. वय नव्वदीकडे झुकलेले. लहानपणी ते साताऱ्याच्या बोर्डिंगात राहून शिकले. काय ठरले, असे त्यांनी सहज विचारले आणि मला उत्तर देता येईना. सही केली आहे, एवढेच सांगता आले. म्हातारबाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. आमच्या बोर्डिंगच्या भिंतीचे दगड आम्ही पोरांनी वाहिले होते, त्यामुळे त्या भिंतीवर रेघ मारायची कोणाची छाती नव्हती, एवढेच ते म्हणाले. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, की या शाळेचा धनी कोण?

हा प्रश्न मला काही दिवस सोडीना. कायदा म्हणतो, शाळा गावाची. जमीन सरकारची, पगार सरकारचा, पुस्तके सरकारची आणि सही आमची. मग मी त्या माणसाच्या आयुष्याकडे वळलो, ज्याच्या बोर्डिंगात त्या म्हाताऱ्यांनी दगड वाहिले होते. सातारा-सांगलीकडच्या घराघरांत कर्मवीर भाऊराव पाटलांचा फोटो असतो. दाढीचा, खादीचा, अनवाणी पायांचा. फोटोला हार घालून आपण मोकळे होतो. पण शाळा कोणाची आणि तिथे शब्द कोणाचा चालावा, या प्रश्नाशी हा माणूस पन्नास वर्षे झुंजला, हे त्या हाराखाली झाकून जाते.

वारणाकाठचा पाटील

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर भागातील कुंभोजचा. घराणे मात्र ऐतवडे बुद्रुकचे. हे गाव आजच्या सांगली जिल्ह्यात, वाळवे तालुक्यात येते. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीला. घर जैन, शेतकरी, सोवळे-ओवळे पाळणारे. या घरात जन्मलेला मुलगा मात्र लहानपणापासून हूड. पोहणे, कुस्ती, मारामाऱ्या यांत पुढे आणि अभ्यासात मागे. शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवले, पण इंग्रजी सहावीच्या पुढे गाडी गेली नाही. पुढे शेकडो शाळा उभारणारा हा माणूस स्वतः मॅट्रिकही झाला नव्हता.

कोल्हापुरात तो जैन वसतिगृहात राहत होता. अस्पृश्य मुलांसाठी काढलेल्या वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला आणि परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्याचे त्याने नाकारले. वसतिगृहाचे प्रमुख अण्णासाहेब लठ्ठे. त्यांचा नियम मोडला म्हणून मुलाला बाहेर पडावे लागले. तेव्हा आसरा मिळाला तो राजर्षी शाहू महाराजांच्या छायेत. ज्या राजाने पुढे १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्याचे विचार या मुलाने जवळून पाहिले, ऐकले.

पुढे काही वर्षांनी कोल्हापुरात राजपुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण झाले. त्यात लठ्ठ्यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, असा दबाव आला. ज्या माणसाने वसतिगृहातून काढले, त्याच्यावर उट्टे काढण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. त्यापायी छळ आणि तुरुंग सोसला. या दोन प्रसंगांत पुढचा सारा माणूस दिसतो. वसतिगृहाचा नियम चुकीचा असेल तर तो मोडायचा, आणि सत्तेचा हुकूम चुकीचा असेल तर त्यालाही नाही म्हणायचे.

पोटासाठी त्यांनी शिकवण्या केल्या. ओगल्यांच्या काचेच्या कारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांच्या नांगरांचा प्रचार केला. विक्रेत्याच्या या भटकंतीत त्यांनी गावेच्या गावे पायाखाली घातली. लोखंडी नांगर घ्या म्हणून शेतकऱ्याच्या ओट्यावर बसायचे आणि त्याचे पोर गुरामागे जाताना पाहायचे, असे ते दिवस. नांगर विकत घेण्यापूर्वी शेतकरी तो चालवून बघतो, चार प्रश्न विचारतो, मग पैसे मोजतो. शाळेच्या बाबतीत मात्र त्याला कोणीच काही विचारत नव्हते.

नावातच रयत

या विचाराची मुळे साताऱ्याच्याच मातीत होती. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव कटगुण, तेही याच जिल्ह्यातले. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन देताना फुल्यांनी हेच दाखवून दिले होते, की सरकारची तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गाकडे. भाऊराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीत वाढले. तरुणपणी, १९१० च्या सुमारास, त्यांनी सोबत्यांबरोबर वारणाकाठच्या दुधगावात शिक्षण मंडळ आणि विद्यार्थ्यांसाठी आश्रम उभा करण्यात भाग घेतला. दुधगाव आज सांगली जिल्ह्यात आहे. सर्व जातींची मुले एकत्र राहून शिकू शकतात, याचा तो पहिला प्रयोग.

मग ४ ऑक्टोबर १९१९ ला, दसऱ्याच्या मुहूर्तावर, कराडजवळच्या काले गावी सत्यशोधक परिषदेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. नावाकडे जरा लक्ष द्यावे. संस्थेला देवाचे, राजाचे किंवा दात्याचे नाव देण्याचा तो काळ. भाऊरावांनी संस्थेला सारा भरणाऱ्या कुळांचे नाव दिले. ज्याच्या पैशावर राज्य चालते, त्याची ही शाळा, असे पाटीवरच लिहून टाकले.

१९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली. तिथे त्यांनी वसतिगृह काढले, तेच पुढे धनिणीच्या बागेत नावारूपाला आले. घोलप नावाच्या दलित मुलाला भाऊराव स्वतः खांद्यावर बसवून घेऊन आले, ही हकिकत साताऱ्यात अजून सांगतात. हा ज्ञानदेव घोलप पुढे शिकला आणि सार्वजनिक जीवनात नावाजला. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, लिंगायत अशी सगळी मुले एका पंक्तीला. वेगळी चूल मांडा, मग धान्य देऊ, असे म्हणणारे भेटत. भाऊरावांनी वेगळी चूल कधी मांडली नाही. २५ फेब्रुवारी १९२७ ला महात्मा गांधी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. सर्व जातींची मुले एका छपराखाली नांदताना पाहून गांधीजींनाही आश्चर्य वाटले होते.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आज आपण म्हणतो, शाळेचा कारभार गावाने ठरवावा. पण त्या काळच्या गावाला विचारले असते, तर कित्येक गावांनी अस्पृश्याचे पोर बाहेर बसवा, असाच ठराव एकमताने केला असता. भाऊरावांनी गावाकडून धान्य मागितले, जागा मागितली, माणसे मागितली. फक्त एका बाबतीत गावाला मत विचारले नाही. कोणाचे पोर आत घ्यायचे आणि कोणाचे बाहेर ठेवायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी गावालाही दिला नाही आणि स्वतःलाही ठेवला नाही. जे पोर येईल ते आत. बाकीच्या साऱ्या गोष्टी त्यानंतर ठरवायच्या.

मंगळसूत्र आणि मूठभर धान्य

या वसतिगृहाचा संसार लक्ष्मीबाईंनी केला. त्यांचे माहेर सोवळे पाळणारे. सुरुवातीला त्यांना हे सारे जड गेले असणार. पण त्या शेकडो मुलांच्या आई झाल्या. महिनाअखेरीस कोठी रिकामी झाली, की त्यांच्या अंगावरचा एखादा दागिना कमी होई. शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्या गेल्या, तेव्हा संस्था रांगत होती. तिची भरभराट पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. रयत परिवारातले लोक त्यांना रयत माउली म्हणतात, ते उगाच नाही.

पण एका बाईच्या दागिन्यांवर संस्था किती दिवस चालणार? भाऊरावांनी मुष्टिफंडाचा मार्ग धरला. घरात दळण-कांडण करताना मूठभर धान्य शाळेसाठी बाजूला काढायचे. सुगीच्या दिवसांत पेंढ्या, कणसे, गुळाच्या ढेपा, शेंगा, जे असेल ते. हिशेबाने पाहिले तर ही रक्कम मोठी नव्हे. मात्र ज्या बाईने रोज मूठ काढून ठेवली, ती सहा महिन्यांनी विचारते, की आमच्या धान्यावर वाढलेली पोरे शिकतात कशी? मूठभर जोंधळ्याने तिला प्रश्न विचारण्याचा हक्क दिला. देणगीदार एक असला की त्याची मर्जी सांभाळावी लागते. देणगीदार हजार घरे असली, की हजार घरांना हिशेब द्यावा लागतो.

मुलांच्या बाबतीतही हीच रीत. स्वावलंबन हे संस्थेचे ब्रीद आणि वडाचे झाड हे तिचे बोधचिन्ह. मुले शेतात राबत, दगड फोडत, स्वयंपाकाला हात लावत, आपल्या खोल्या स्वतः बांधत. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. श्रम करून फुकट शिकण्याची सोय असलेली ती निवासी माध्यमिक शाळा. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेजही याच कमवा आणि शिका तत्त्वावर निघाले. अंगमेहनतीने मुलाच्या फीचा प्रश्न सुटत होता, हे खरे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की तो मुलगा उपकाराखाली राहत नव्हता. ज्याने विहीर खणली, त्याला पाणी मागताना मान खाली घालावी लागत नाही.

बिनशाळेची गावे

१९३५ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी शिक्षक तयार करणारे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज साताऱ्यात सुरू झाले. या दोन गोष्टी एकाच वर्षी व्हाव्यात, यात भाऊरावांचा हिशेब दिसतो. शाळा काढायची तर आधी मास्तर हवा, आणि तो गावात राहणारा हवा.

त्या वेळचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा फार मोठा. सांगलीकडचा पुष्कळ मुलूख त्यातच होता. १९४९ मध्ये त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली जिल्हा हे नाव मिळाले. या मोठ्या जिल्ह्यात जावळी, पाटणच्या डोंगरातली गावे होती, माण, खटावची कोरडी गावे होती. सरकारी शाळा मोठ्या गावापर्यंत यायची आणि थांबायची. पुढच्या वाडीसाठी पैसा नाही, पट पुरेसा नाही, रस्ता नाही, अशी उत्तरे ठरलेली. प्रांतात १९३७ मध्ये लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले आणि खासगी प्रयत्नाने चालणाऱ्या व्हॉलंटरी शाळांना थोडी मदत मिळू लागली. भाऊरावांनी ही फट बरोबर हेरली.

गावाने जागा द्यायची. देवळाची ओसरी, चावडी, धर्मशाळा, एखाद्याचा गोठा, काहीही चालेल. मास्तर संस्था देणार, आणि तो मास्तर म्हणजे बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या गावातून बोर्डिंगात येऊन शिकलेला पोरगा. पगार तुटपुंजा. त्याच्या भाकरीची सोय गाव पाहणार. अशा शाळांची संख्या वाढत वाढत ५७८ वर गेली. एकेका शाळेमागे एकेका गावाची बैठक झाली असेल, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. जागा कोणी द्यायची, मास्तर कोणाकडे जेवणार, सुगीत शाळा किती वाजता भरवायची, याची चर्चा चावडीवर झाली असेल. कोणा साहेबाच्या परिपत्रकाने ती शाळा आली नव्हती. त्यामुळे ती बंद पडू नये, ही काळजीही गावालाच.

पुढे सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आला, या शाळा स्कूल बोर्डाकडे गेल्या आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आले. मास्तरांना नियमित पगार मिळाला, इमारती झाल्या. हे चांगलेच झाले. गरीब गावाने आपल्या शिक्षकाला कायम भाकरी घालावी, हा काही न्याय नव्हे. पण त्या हस्तांतरात एक गोष्ट मागे राहिली. चावडीवरची ती बैठक कोणीही वर्ग करून घेतली नाही.

अनुदान बंद होते तेव्हा

खरी कसोटी लागली १९४८ मध्ये. गांधीजींचा खून झाला आणि सातारा, सांगली, कोल्हापूर भागात जाळपोळीचा आगडोंब उसळला. ब्राह्मणांची घरे जळाली, माणसे देशोधडीला लागली. तो काळ या भागाच्या इतिहासातला काळा काळ. त्या तापलेल्या दिवसांत भाऊरावांची जीभही मवाळ नव्हती. त्यांची काही परखड वक्तव्ये मुंबई सरकारला झोंबली. बाळासाहेब खेर तेव्हा मुंबई प्रांताचे प्रमुख होते. सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान थांबवले.

आजच्या भाषेत विचार करा. स्वराज्य येऊन वर्षही उलटले नव्हते. ज्या सरकारसाठी या जिल्ह्याने १९४२ पासून हाल सोसले, प्रतिसरकार चालवले, त्याच आपल्या सरकारने आपल्याच मुलांच्या शाळांचे पैसे बंद केले. माणूस बोलला भाऊराव, आणि उपाशी राहण्याची पाळी आली ती मुलांवर. हातात अनुदान असले म्हणजे संस्थेला वळण लावता येते, हे परक्या सरकारइतकेच आपल्या सरकारलाही ठाऊक होते.

भाऊरावांपुढे दोन सोप्या वाटा होत्या. एक, माफी मागून मोकळे व्हायचे. दुसरी, शाळांना कुलूप लावून सरकारच्या नावाने बोटे मोडायची. त्यांनी दोन्ही वाटा सोडल्या आणि ते रयतेकडे गेले. गावोगाव फिरले. धान्याच्या गाड्या आल्या, लोकांनी खिसे रिकामे केले, शिक्षकांनी पगाराची वाट पाहत शिकवणे चालू ठेवले, मुलांनी कामाचे तास वाढवले. आणि याच पडत्या काळात त्यांनी गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. हातात आहेत त्या शाळा चालवायला पैसे नाहीत आणि हा गृहस्थ शंभराची भाषा बोलतो, म्हणून लोक हसलेही असतील.

गाडगेबाबांनी खेरांपाशी शब्द टाकला, अशी आठवण या भागात सांगतात. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. पण मला त्यातले रहस्य वाटते ते वेगळे. मुठीमुठीने जमवलेल्या धान्याची, दगड वाहिलेल्या मुलांची, ओसरी दिलेल्या गावांची ती संस्था होती, म्हणून ती अनुदानाशिवाय तग धरू शकली. केवळ सरकारी पैशावर उभी असती, तर पहिल्या हप्त्यालाच बसली असती. सरकारचा पैसा भाऊरावांना नको होता, असे मुळीच नाही. तो रयतेचाच पैसा आहे आणि तो मिळणे हा रयतेचा हक्क आहे, हीच तर फुल्यांपासूनची मागणी. पण पैसा घेतला म्हणून जीभ गहाण टाकायची नाही, हे त्यांनी जगून दाखवले.

नाव विकायचे नाही

सरकारइतकाच दाताही शाळेचा धनी होऊ पाहतो. साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजची एक गोष्ट जुने लोक रंगवून सांगतात. एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली. अट एकच, कॉलेजचे नाव बदलून आपल्या घरचे नाव द्यावे. संस्थेला पैशाची नड तर रोजचीच. भाऊरावांनी ती देणगी नाकारली. एक वेळ स्वतःच्या बापाचे नाव बदलीन, पण कॉलेजचे बदलणार नाही, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर होते म्हणतात. गोष्टीला सांगणाऱ्यांनी थोडा रंग चढवला असेल, पण माणूस तसाच होता.

ही गोष्ट मला २०२३ मध्ये पुन्हा आठवली. त्या वर्षी राज्य सरकारने शाळा दत्तक देण्याचे धोरण आणले आणि ठरावीक देणगी देणाऱ्याचे नाव काही वर्षांसाठी शाळेला जोडण्याची मुभा दिली. देणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पडक्या शाळेवर पत्रे पडणार असतील तर कोणाला नको आहेत? पण ज्या गावच्या बायकांनी मुठी काढल्या, त्यांच्यापैकी कोणाचेच नाव कुठल्या पाटीवर नाही, हे आठवले की मन थोडे थबकते.

अण्णांचा एकछत्री कारभार?

इथवर वाचून कोणी म्हणेल, की भाऊराव म्हणजे मोठे लोकशाहीवादी, सर्वांना विचारून चालणारे. तसे चित्र रंगवणे खोटे ठरेल. मुले आणि कार्यकर्ते त्यांना अण्णा म्हणत आणि अण्णांचा धाकही तेवढाच होता. राग तापट, आवाज पहाडी, निर्णय झटपट. त्यांच्यापुढे नाही म्हणणे सोपे नव्हते. संस्था वाढवायची घाई असलेल्या माणसाकडे समित्यांचा धीर नसतो. शाळेचे मालक होऊ पाहणारे सरकार, दाता, जातीचे पुढारी, या तिघांना त्यांनी दूर ठेवले. चौथा धोका होता तो स्वतः संस्थापकाचाच.

या धोक्याची जाणीव त्यांना होती, असे मला वाटते. म्हणून त्यांनी संस्था घराण्याची केली नाही. नोंदणी केली, घटना केली, आयुष्य संस्थेला वाहून घेणाऱ्या आजीव सेवकांची फळी उभी केली. यातले कितीतरी जण त्यांच्याच बोर्डिंगात दगड वाहिलेले विद्यार्थी होते. संस्थेच्या भाकरीवर वाढलेली मुलेच संस्थेचे कारभारी झाली. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डी. लिट. दिली, भारत सरकारने पद्मभूषण दिले, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या वेळी संस्थेची ३८ वसतिगृहे, १०८ माध्यमिक शाळा, ६ अध्यापक विद्यालये आणि ३ महाविद्यालये होती. १०१ चा संकल्प पुरा होऊन वर सात शाळा झाल्या होत्या. संस्थापक गेल्यावर बसलेल्या संस्था आपण पुष्कळ पाहतो. ही मात्र वडासारखी पसरत गेली आणि आज तिच्या शाखा सातशेहून अधिक आहेत. इतकी मोठी झालेली संस्था आजही प्रत्येक गावाला विचारून चालते का, हा प्रश्न तिच्या पालकांनी आणि शिक्षकांनी तिला विचारत राहावा. अण्णांची आठवण ठेवण्याचा तो एक चांगला मार्ग आहे.

वही पुन्हा फिरली

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, शाळेचा विकास आराखडा समितीने करावा आणि पैशाच्या वापरावर तिने लक्ष ठेवावे, असे कायदा म्हणतो. वाचले तेव्हा वाटले, की मागे राहिलेली चावडीवरची बैठक इतक्या वर्षांनी कायद्याने परत दिली आहे. फक्त आम्ही ती पाऊण तासात आणि बिस्किटांवर उरकतो. दोष एकट्या मास्तरांचा नाही. त्यांच्या डोक्यावर माहिती भरण्याची इतकी ओझी असतात, की सभा हेही एक ओझेच. दोष आमचा, सही करणाऱ्यांचा. आम्ही काही दिलेले नसते, म्हणून आम्ही काही विचारतही नाही.

पुढच्या सभेला मी साधाच सदरा घालून गेलो. वही आली तेव्हा म्हटले, आधी वाचून दाखवा. गुरुजी क्षणभर बघत राहिले, मग त्यांनी वाचले. भिंतीला रंग द्यायचे काम होते. शेजारच्या बाई, ज्यांनी मागच्या वेळी माझ्याबरोबरच न वाचता सही केली होती, त्या पहिल्यांदाच बोलल्या. मुलींच्या संडासात पाणी येत नाही, म्हणून त्यांची पोरगी दुपारीच घरी पळून येते. रंग पुढच्या वर्षी दिला तर भिंत काही पळून जाणार नाही. तासभर वाद झाला. टाकीला नळ जोडायचा पाइप कोणी आणायचा, खड्डा कोणी खणायचा, हेही ठरले. गुरुजींच्या चेहऱ्यावर, खरे सांगायचे तर, सुटकेचाच भाव होता. इतके दिवस ते एकटेच ठरवत होते.

रविवारी आम्ही सहा-सात जणांनी चर खणली. शाळेची तीन-चार पोरेही माती ओढायला आली. कट्ट्यावर ते म्हातारबाबा येऊन बसले होते. त्यांनी मला पुन्हा काही विचारले नाही. पोरांकडे बघत बसले होते.